सातिवलीच्या वेशीवरचं रान

श्रावणातल्या सोमवारी वसई स्टेशनाच्या पूर्वेला भल्या पहाटेपासून रिक्षावाल्यांच्या तोंडी एकच हाक असते : तुंगारेश्वर, तुंगारेश्वर! तीन सीट भरल्या की रिक्षा निघायला हवी, पण चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकल्याशिवाय ती हलत नाही. गोखिवरे मागे पडतं, वालीव मागे पडतं. दोन्ही बाजूंना पत्र्याचे गाळे, खोक्यांचे ढीग, टेम्पोंच्या रांगा, तापलेल्या प्लास्टिकचा जळका वास. मग सातिवली येते आणि तिच्यापाठोपाठ मुंबई-अहमदाबाद महामार्ग. तो जीव मुठीत धरून ओलांडला आणि थोडं आत चालत गेलं की वास बदलतो. ओला पाचोळा, लाल चिखल, कुठेतरी लावलेली उदबत्ती. कारखान्यातून इतक्या झटक्यात जंगलात नेणारा रस्ता अख्ख्या मुंबई महानगर प्रदेशात दुसरा नसावा.

हे जंगल म्हणजे तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य. २००३ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. उत्तरेच्या अंगाला तानसा नदीचं खोरं, त्यात वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. दक्षिणेच्या अंगाला कामण, चिंचोटी आणि वसईची खाडी. मधला डोंगर दोन हजार फुटांहून उंच. पश्चिमेच्या उतारावर पडलेलं पाणी ओढ्या-नाल्यांनी धावत खाली येतं ते सातिवली, पेल्हार, वालीव या गावांच्या अंगणात. पेल्हारचं धरण याच डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि वसई-विरारच्या नळांना ते रोज सुमारे १ कोटी लिटर पाणी पुरवतं. शहराला लागणाऱ्या पाण्याच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण ते पाणी घरचं आहे. सूर्या धरणासारखं लांबून पाइपांतून आणलेलं नाही.

अभयारण्याच्या नाक्यापासून तुंगारेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या देवळापर्यंतचा रस्ता तीन-चार किलोमीटरचा आहे. साग, ऐन, खैर, कळंब, मधेच एखादा प्रचंड कुंभा. वाटेत ओढा रस्त्याला आडवा येतो. जूनच्या आधी तिथे नुसते धोंडे असतात. जुलैत त्याच जागी गुडघाभर पाणी फरशीवरून वाहतं, आणि त्या पाण्यापाशी माणसांचं खरं दर्शन घडतं. हातात बेलाची पानं आणि तांब्या घेतलेली बाई साडी किंचित वर खोचून, देवाचं नाव घेत, सावकाश पलीकडे जाते. तिच्या मागे नालासोपाऱ्याच्या चाळीतलं एक अख्खं कुटुंब असतं. धाकट्याला बापाने खांद्यावर घेतलेलं, आजीच्या पिशवीत पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. मग पाच-सहा पोरांचा घोळका येतो, गळ्यात स्पीकर आणि शर्ट कमरेला. तो थेट पाण्यातच बसतो. दुचाकी धुणारेही असतात. त्यांचं काय करावं हे शंकरालाच ठाऊक.

तुंग नावाच्या असुराचा पाडाव परशुरामाने केला, अशी इथली कथा सांगतात आणि देवळाहून बरंच वर, डोंगरात, परशुराम कुंडही आहे. पायथ्याच्या पश्चिमेला शूर्पारक हे जुनं बंदर, म्हणजे आजचं सोपारा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. म्हणजे या डोंगराकडे बंदरातून वर पाहणारी माणसं दोन हजार वर्षांपूर्वीही होती. यात्रेकरू, लाकूडतोडे, गुराखी, मध काढणारे असे सगळेच या वाटेने गेले असणार. निव्वळ मजा करायला जाणारा माणूस हा त्यातला सर्वांत नवा गडी आणि सगळी पंचाईत त्याच्यामुळेच झाली आहे.

पंचाईत अशी की त्याच्यासाठी आपल्या कायद्यात नीटशी जागाच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात शिरण्याचा परवाना कोणत्या कामांसाठी देता येईल ते सांगितलं आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन आहे, पण चौथ्या क्रमांकावर, आणि तेही एका शब्दात आटोपलेलं. रविवारी एकच सुट्टी मिळणारा गाळ्यातला कामगार बायको-पोरांना घेऊन ओढ्यात पाय सोडून बसतो, तेव्हा तो कायद्याच्या भाषेत 'पर्यटक' असतो आणि वनरक्षकाच्या डोळ्यांत उपद्रव. तो स्वतःला यांपैकी काहीच समजत नाही. त्याला थंड पाणी हवं असतं.

वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेली होती. त्यानंतर किती वाढली हे लोकलच्या दारात उभं राहून कुणीही सांगेल. एवढ्या माणसांना झाडं आणि वाहतं पाणी फुकटात मिळण्याची जागा किती? समुद्रकिनारे पश्चिमेला, अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव. पूर्वेला राहणाऱ्याला मात्र हाताशी एकच : हा डोंगर. वॉटर पार्कचं तिकीट चार माणसांच्या कुटुंबाला परवडतं की नाही, हे तो पार्क बांधणाऱ्याला माहीत असतं. म्हणून तर पार्कची भिंत उंच असते. तुंगारेश्वरला भिंत नाही.

अमेरिकेतल्या स्टेट पार्कांची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगाराच्या धबधब्याभोवतीची जमीन एकोणिसाव्या शतकात खाजगी मालकांच्या हातात गेली होती. त्यांनी कुंपणं घातली आणि धबधबा बघायचे पैसे घेऊ लागले. लोकांनी बरीच वर्षं ओरड केल्यावर राज्य सरकारने ती जमीन विकत घेतली आणि १८८५ च्या जुलैत ती सर्वांना फुकट खुली केली. पुढे १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात तिथल्या सरकारने लाखो बेकार पोरांना कामावर घेतलं आणि त्यांच्याकडून अशा नदीकाठच्या, जंगलातल्या उद्यानांत पायवाटा, दगडी पूल, निवारे बांधून घेतले. त्यातले कितीतरी आजही वापरात आहेत. पोहायची जागा कुठली, तंबू कुठे, मासे कुठे धरायचे आणि कुठे फिरकायचंसुद्धा नाही, हे तिथे आखून दिलेलं असतं. तिकडचं सगळं सोन्याचं होतं असं नाही. त्या रानांतून मूळ रहिवाशांना आधी हुसकावलं, मग पाट्या लावल्या. शिवाय त्यांच्याकडे जमीन अफाट आणि माणसं कमी. आपल्याकडे गणित नेमकं उलटं. पण एक गोष्ट त्यांना फार आधी कळली : माणूस जंगलात मौज करायला येणारच, तेव्हा त्या मौजेची सोय करणं हेही सरकारचं काम आहे.

आपल्याकडे हे अजिबात झालं नाही असं म्हणणं बोरिवलीवर अन्याय होईल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. त्याच्या तोंडाशी कृष्णगिरी उपवन आहे. तिथे नौकाविहार, सायकली, सफारीच्या बसगाड्या, दहिसर नदीच्या काठाने फिरायचे रस्ते, आणि अनेक पिढ्यांच्या बालपणात धावलेली वनराणी ही छोटी आगगाडी. २०२१ च्या तौक्ते वादळाने वनराणीचे रूळ उखडले तेव्हा हळहळणाऱ्यांत वाघ-सिंह पाहायला गेलेल्यांपेक्षा त्या गाडीत एकदा बसलेलेच जास्त होते. माणसांची बहुतेक गर्दी पुढच्या तुकड्यात जिरते, म्हणून मागचं जंगल बिबट्याला मिळतं. तुंगारेश्वरला असं पुढचं अंगणच नाही. महामार्ग संपला की लगेच देवघर.

चिंचोटीबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुढे नेता येणार नाही. कामणच्या बाजूला, अभयारण्याच्या दक्षिणेकडे हा धबधबा आहे. महामार्गावरून आत दीड-दोन तासांची चाल, वाटेत ओढे, आणि शेवटी काळ्या कातळावरून कोसळणारं पांढरं पाणी. वसई, भाईंदर, मालाडपासूनची पोरं तिथे येतात आणि जवळपास दर पावसाळ्यात त्यांतली कुणीतरी परत जात नाहीत. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. वय वीस-बावीस, मित्रांसोबत, डोहात, पाण्याचा अंदाज न आल्याने.

पाण्याचा अंदाज न येणं म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. या डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाऊस पडला की तो मुरत नाही, वाहतो. ओढ्यांची लांबी कमी आणि उतार तीव्र, त्यामुळे माथ्यावर कोसळलेली सर अर्ध्या तासाच्या आत खाली पोचते. खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर ऊनसुद्धा असू शकतं. पाणी वाढायच्या आधी ते गढूळ होतं, काटक्या आणि पाचोळा वाहत येतो, आवाज जड होतो. पाड्यावरची माणसं हे बघून गुरं अलीकडे वळवतात. स्पीकर चालू असेल तर यातलं काही ऐकू येत नाही.

धबधब्याखालच्या डोहाची तऱ्हा आणखी निराळी. शतकानुशतकं पाणी एकाच जागी आपटून तिथे खोल खड्डा झालेला असतो. काठावर कमरेएवढं असलेलं पाणी दोन पावलांवर डोक्याच्या वर जातं. जिथे पाणी कोसळतं तिथे त्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते माणसाला नीट तरंगवूच शकत नाही; नदीत पोहायला शिकलेलासुद्धा त्या फेसात खाली जातो. पाणी तळाशी आपटून वळतं आणि पुन्हा कोसळत्या धारेखाली खेचतं. कातळावर शेवाळ, त्यात पोटात दारू. वाचवायला उडी मारणारा मित्र दुसरा बळी ठरतो, हे तर नेहमीचंच.

यावर सरकारचा उपाय ठरलेला आहे. जून उजाडला की पोलिसांचा मनाई आदेश निघतो. पूर्वी १४४ कलमाखाली निघायचा, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली. धबधबे, धरणं, तलाव, सगळीकडे बंदी. रविवारी नाक्यावर पोलीस उभे राहतात, दुचाक्या परतवतात. मग पोरं पलीकडच्या पाड्यावरून, कुणाच्या तरी वाडीतून आडवाटेने आत शिरतात. म्हणजे जी पोरं निदान मुख्य वाटेवर, चार माणसांच्या नजरेसमोर पाण्यात उतरली असती, ती आता अशा जागी उतरतात जिथे हाक मारली तर ऐकायलाही कुणी नाही. बंदीने अपघात कमी होत नाहीत असं मी म्हणत नाही, होत असतील. पण चार महिने बंदी आणि आठ महिने दुर्लक्ष याला व्यवस्था म्हणत नाहीत. पाणी असतं तेव्हा जायचं नाही आणि जायला मोकळीक मिळते तेव्हा पाणी ओसरू लागलेलं, असा हा विचित्र मामला आहे.

माणसांपुरतं एवढं. आता ज्याच्या नावाने अभयारण्य आहे त्याच्याकडे वळू.

२००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला, आणि वयाने मोठा, स्वभावाने शांत म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. त्याला माळशेज घाटात सोडलं. आजोबा तिथे थांबलाच नाही. कसारा स्टेशनाजवळून रूळ ओलांडून, आग्रा महामार्ग पार करून, गावांच्या, शेतांच्या कडेकडेने सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत तो पश्चिमेला आला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून गेला, खाडी पोहला आणि बोरिवलीच्या उद्यानाच्या नागला भागात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. रात्रपाळीचे कामगार मशीनवर उभे असताना बाहेरून, गाळ्यांच्या कडेने, तो कधीतरी निघून गेला असेल. २०११ मध्ये महामार्ग ओलांडताना गाडीच्या धडकेने तो मेला. पुढे २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर मराठी चित्रपट काढला, त्यात उर्मिला मातोंडकर होत्या.

आजोबाच्या पट्ट्याने नकाशावर जी रेघ ओढली, तिच्यामुळे तुंगारेश्वरचं खरं महत्त्व ध्यानात येतं. बोरिवलीचं उद्यान एकटं पडलं तर तिथल्या बिबट्यांना जायला वाट उरत नाही. तुंगारेश्वर हा मधला दुवा आहे. त्याच्या पलीकडे तानसाचं जंगल, आणि तिथून सह्याद्री. हा दुवा आता चोहोबाजूंनी आवळला जातोय. महामार्ग रुंद होतात, मालगाड्यांचे नवे रूळ पडतात. बुलेट ट्रेनच्या मार्गाला या भागातल्या अभयारण्यांच्या जमिनीची गरज लागली तेव्हा वन्यजीव मंडळाने २०१९ मध्ये ती मंजूर केली. बिबट्या मात्र जुनीच वाट धरतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक थेट वसईच्या किल्ल्यात जाऊन बसला. तीन आठवड्यांहून जास्त काळ संध्याकाळनंतर तिकडे जायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात आला. वसईकरांनी त्या दिवसांत जितके विनोद केले तितके कुठल्या निवडणुकीवरही केले नसतील, पण पोरांना अंगणात सोडत नव्हते हेही तितकंच खरं.

पाड्यांवर हे सगळं इतकं नवलाचं नाही. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे डोंगराच्या कुशीत आहेत आणि वाघोबा त्यांचा देव आहे. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी पाटी, त्यावर वाघाची किंवा बिबट्याची आकृती, कधी बरोबर चंद्र-सूर्य. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची १५० ठाणी नोंदवली. तो शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. शहरात वसुबारसेला गाय-वासरू पूजतात, त्याच दिवशी आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. करार साधा आहे : आम्ही तुला मान देतो, तू आमच्या गुरांकडे बघू नकोस. वाघोबा प्रत्येक वेळी करार पाळतोच असं नाही, आणि माणसंही पाळत नाहीत.

या माणसांना जंगल म्हणजे सहलीची जागा नव्हे, बाजारहाट. मे महिन्यात महामार्गाच्या कडेला पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं, मग आळू, जांभळं. वळवाचा पाऊस पडला की शेवळं. वसईच्या बाजारात जूनच्या सुरुवातीला शेवळांच्या जुड्या येतात, तपकिरी-जांभळ्या सालीच्या, जमिनीतून नुकत्या वर आलेल्या कोंबांसारख्या. विकणारी जुडीबरोबर मूठभर हिरवी, आंबट, गोल काकडं देतेच. वेगळी मागावी लागत नाहीत. कारण शेवळं खाजरी. साल उकलून आतल्या दांड्याचा पिवळा भाग आधी काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, आणि काकडं ठेचून त्यांच्या रसात शिजवायचं. काकडांत कंजूषी केली की घसा सांगतो. कोळंबी घातली तर ही भाजी मटणाच्या तोंडात मारते, असं वसईत म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. त्याच दिवसांत, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, ओढ्यांतून वलगणीचे मासे चढतात. अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघालेले ते मासे बत्तीच्या उजेडात पकडायला पाडेच्या पाडे पाण्यात उतरतात. हेही पाण्यात उतरणंच, आणि तेही पावसात. फरक एवढाच की त्या माणसांना ओढ्यातला दगडन् दगड माहीत असतो.

ही माहिती कुणी कामाला लावत नाही. वाट कुठे निसरडी, डोह कुठे खोल, वर पाऊस झाला की पाणी किती वेळात येतं, हे ज्या पोराला अंगवळणी आहे तो वालीवच्या गाळ्यात पॅकिंगला उभा असतो. त्याच्या ओढ्यावर मुंबईचं पोर बुडलं की त्यालाच बोलावतात, मृतदेह शोधायला.

देवळाच्या बाजूचाही एक जुना गुंता आहे. परशुराम कुंडापाशी बालयोगी सदानंद महाराजांचा आश्रम होता. ते बांधकाम अभयारण्यात बेकायदा ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१९ मध्ये मोठ्या बंदोबस्तात ते पाडलं गेलं. महाराजांना मानणाऱ्या भक्तांसाठी, विशेषतः आगरी-कोळी समाजासाठी, हा आजही दुखरा विषय आहे. निकाल कायद्याला धरून होता, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण भक्तांचा एक प्रश्न मला टाळता येत नाही : वरचा आश्रम जंगलाला जड झाला, मग खाली डोंगर पोखरणारे जेसीबी कसे चालतात?

सातिवलीपासून राजीवलीपर्यंत डोंगराच्या पायथ्याची माती काढून भरावाला नेलेली दिसते. कापलेल्या उतारावर चाळी उभ्या राहतात. खोली स्वस्त, पाणी टँकरचं, कागदपत्रं देवाच्या भरवशावर. २०२२ च्या जुलैत राजीवलीच्या वाघरळपाड्यात दरड कोसळून दोन माणसांचा जीव गेला. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, वसई-विरार कितीतरी दिवस पाण्याखाली होतं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, मिठागरांत कामगार अडकले. तुंगारेश्वरवरून उतरणाऱ्या ओढ्यांना खाडीपर्यंत जायला जी पाणथळ जमीन होती, तिच्यावर गाळे आणि इमारती आल्या. महामार्गाखालच्या मोऱ्या प्लास्टिकने तुंबल्या. वर पडलेलं पाणी खाली येणारच. त्याला वाट दिली नाही तर ते घरात शिरतं. म्हणून मला ओढ्यातली मौज आणि शहरातला पूर हे दोन वेगळे विषय वाटत नाहीत. ज्या शहराला आपल्या ओढ्यांची नावं माहीत असतात, ते शहर त्यांच्यावर गाळे बांधताना निदान दोनदा विचार करतं.

श्रावणातला सोमवार संपल्यावर मंगळवारी सकाळी तुंगारेश्वरच्या ओढ्यावर जावं. दगडांच्या कपारीत कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या, बियरच्या बाटल्यांच्या काचा, कुणाची तरी एकच चप्पल. माकडं पाकिटं फाडून आतलं मीठ चाटत असतात. काचेवर पाय पडतो तो बहुतेक अनवाणी चालणाऱ्या भक्ताचा किंवा पाड्यावरच्या पोराचा. याच ओढ्यावर, गर्दी नसताना, शीळ कस्तूराची शीळ ऐकू येते; एखाद्या टपोरी पोराने निवांत शिट्टी वाजवावी तशी, लांबलचक आणि थोडी बेसूर. पावसाच्या सुरुवातीला तिबोटी खंड्या मातीच्या कडेत बीळ खोदतो. जांभळा-नारिंगी, मुठीएवढा, पाण्याजवळच्या सावलीत राहणारा. त्याला पाहायला लांबून लोक येतात आणि पाच हजारांचा जमाव त्याच्या बिळासमोरून आरोळ्या ठोकत जातो, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

उपाय फार मोठे नाहीत, आणि पैशांचेही नाहीत. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात फाटकावरच पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, अनामत घेतात आणि परतताना वस्तू दाखवल्या की पैसे परत करतात. हे सातिवलीच्या नाक्यावर उद्यापासून होऊ शकतं. नाक्यापासून पहिल्या ओढ्यापर्यंतचा पट्टा माणसांसाठी ठरवून टाकावा : तिथे स्वच्छतागृहं, बायकांना कपडे बदलायला आडोसा, प्यायचं पाणी, पाड्यावरच्या बचतगटांची दुकानं, आणि उथळ, सपाट तळाची एखादी जागा दोराने आखून पाण्यात उतरायला. तिच्या वर, डोंगरात, एक पर्जन्यमापक आणि बिनतारी संच घेतलेला एक माणूस. पाऊस वाढला की खाली भोंगा. दोन-चार जीवरक्षक पाड्यांवरचेच, चार महिन्यांच्या पगारावर. चिंचोटीचा डोह मात्र बंदच असावा, कारण तो सुरक्षित करता येण्यासारखा नाही; पण तिथे बंदी का आहे हे मराठीत आणि हिंदीत, चित्र काढून, फलकावर सांगावं. देवळाच्या वरचं जंगल परवान्याने, मार्गदर्शकासोबत, मोजक्या माणसांना. अभयारण्यात पोहण्याची जागा आखणं नियमात बसत नाही, असं वनखातं म्हणेल. मग ती हद्दीबाहेर, महामार्ग आणि नाक्याच्या मधल्या ओढ्यावर आखावी. तिथे महापालिकेला कुणी अडवलेलं नाही, फक्त तो ओढा आधी नाल्यातून पुन्हा ओढा करावा लागेल.

वसई-विरार महापालिका, वनविभाग आणि पोलीस आयुक्तालय या तिघांनी येत्या मे महिन्यात, मनाई आदेशाचा मसुदा काढण्याआधी, एकदा सातिवलीला एका टेबलाशी बसावं, आणि त्या टेबलाशी पाड्यावरची दोन माणसं असावीत, एवढीच मागणी आहे.

तोवर वाचकांसाठी. हा अंक हातात पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल, ओढ्याला नितळ पाणी असेल आणि मनाई उठलेली असेल. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर हाच काळ उत्तम. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं. गाडी महामार्गावर उभी करू नका, वसई स्टेशनावरून रिक्षा किंवा परिवहनची बस घ्या. सोमवार टाळा. स्पीकर घरी ठेवा. डबा स्टीलचा न्या आणि रिकामा परत आणा. आकाशात ढग दिसला तर पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. आणि अंधार पडायच्या आत नाक्याबाहेर या. त्यानंतरची वाट बिबट्याची आहे.